पेवावरचा राखणदार

मुलांनो, तुम्ही कधी पेव पाहिलंय? आमच्या बीडकडे पूर्वी ज्वारी जमिनीखालच्या खोल खड्ड्यात साठवत. तोंडावर दगड ठेवायचा, वरून माती लिंपायची. गरज पडली की उघडायचं आणि हवं तेवढंच धान्य काढायचं. असंच एक पेव तुमच्या-माझ्या अंगातही असतं! मला ते कळलं, पण एक मोठी चूक केल्यावर. तीच आज सांगतो.

मी तेव्हा दहावीत होतो आणि धाकटा भाऊ सहावीत. त्या उन्हाळ्यात त्याला एकाएकी भारी तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या रिकामा करायचा, रात्री चार-चारदा लघवीला उठायचा. भाकरी पोटभर खायचा, तरी दिवसेंदिवस वाळत चालला. कुणी म्हणालं जंत झाले, कुणी म्हणालं नजर लागली. शेवटी वडील त्याला अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं कळलं, त्याला मधुमेह झालाय.

तुम्ही म्हणाल, हा तर आजोबांचा आजार! पण एक मधुमेह मुलांनाही होतो. त्याला टाइप १ म्हणतात. गोड खाल्ल्यानं तो होत नाही. पोटातल्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून त्यांच्यावरच उलटते आणि त्या नष्ट करते. मग इन्सुलिन रोज बाहेरून टोचावं लागतं.

आमच्याकडे फ्रीज नव्हता. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं आणि त्यात डबीत ठेवलेली इन्सुलिनची बाटली! सकाळ-संध्याकाळ सुई द्यायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचा केवढा अभिमान!

पोळ्याच्या दिवशी भावाला ताप भरला. पुरणपोळीला त्यानं हातही लावला नाही. मी सुई भरायला घेतली, तशी आजी म्हणाली, "लेकराच्या पोटात अन्नाचा कण न्हाई, अन् सुई कशाला टोचतोस रे?" मलाही ते पटलं. इन्सुलिन साखर कमी करतं ना? मग खाल्लंच नाही तर साखर येणार कुठून? मी बाटली मडक्यात परत ठेवली. संध्याकाळीही सुई दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखत होतं. धावून आल्यासारखा तो खोल खोल श्वास घेत होता आणि श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. जीपमध्ये घालून आम्ही पुन्हा अंबाजोगाई गाठली. सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरी मागितली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून समजावलं, "इन्सुलिन दोन कामं करतं. एक म्हणजे रक्तातल्या साखरेला पेशींचं दार उघडून देतं. दुसरं काम लोकांना ठाऊक नसतं. आपल्या अंगातली चरबी म्हणजे धान्याचं पेव, आणि इन्सुलिन त्याचा राखणदार."

मुलांनो, आपण रात्री उपाशी झोपतो तेव्हा हा राखणदार पेवाचं झाकण किंचित सरकवतो. थोडी चरबी विरघळते, तिची मेदाम्लं रक्तात येतात आणि शरीराचा खर्च भागतो. पण राखणदारच नसेल तर? पेव फुटतं! मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे जातो आणि यकृत त्यांचे कीटोन बनवतं. थोडे कीटोन शरीराला चालतात, पण फार झाले की रक्त आंबट होतं. तो फळासारखा वास कीटोनचाच, आणि खोल श्वास ही रक्तातलं आम्ल घालवण्याची धडपड. भाऊ खाऊनही का वाळत होता, तेही मला तेव्हा उमगलं. रक्तात साखर भरपूर होती, पण पेशी उपाशी होत्या आणि पेव रितं होत चाललं होतं.

म्हणजे तापात, उपाशीपोटी राखणदाराची गरज संपत नाही. उलट तापात ती बहुधा वाढते. अशा वेळी डोस किती, ते डॉक्टरांना विचारायचं. पण आपल्या मनानं इन्सुलिन बंद कधीच करायचं नाही.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हा राखणदार बाहेरून आणताच येत नव्हता. असं मूल झिजत झिजत जाई. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा मिळालं लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला. अगदी तुमच्याएवढा! तो पुढे तेरा वर्षं जगला. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. म्हणून तो जागतिक मधुमेह दिन, आणि आपला बालदिनही!

माझा भाऊ आज चाळिशी ओलांडून शेती करतो. पोळ्याला बैल सजवण्याआधी तो सुई घेतो आणि माझ्याकडे बघून हसतो.

तुमच्या वर्गात कुणी सारखं पाणी पीत असेल, वाळत चाललं असेल, तर चिडवू नका. घरी सांगा, बाईंना सांगा. रक्तातली साखर लगेच त्याच दिवशी तपासायला हवी. पेव फुटायची वाट कशाला पाहायची?