खोडरबर

बाबांच्या टेबलाच्या डाव्या खणात एक चपटा पत्र्याचा डबा असे. सिगारेटचा. बाबा सिगारेट ओढत नसत; ऑफिसातल्या कुणाचा तरी रिकामा झालेला त्यांनी मागून आणलेला. त्यात रोट्रिंगची तीन पेनं, अर्धं ब्लेड, रंगकामाचा एक मऊ ब्रश आणि दोन खोडरबर, एक पांढरा आणि एक करडा. बाबा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि धरणाच्या भिंतीचे काटछेद, कालव्यांचे लांबछेद शाईने जसेच्या तसे उतरवायचे, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्या डब्याला हात लावायची आम्हा भावंडांना बंदी होती. शाळेसाठी रबर हवा तर कोपऱ्यावरच्या दुकानातून चार आण्याचा, वासाचा आणायचा.

२००० सालच्या दिवाळीत बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन कॉम्प्युटर आणला. ६४ एमबी रॅम, १० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, नारळ शेजारी फोडला, आणि आईने जुन्या चादरीचा अभ्रा शिवून त्याला झाकून टाकलं. आठ महिने तो गुण्यागोविंदाने चालला. पुढच्या आषाढात एका सकाळी मी बटण दाबलं तर पडदा काळाच, आणि आतून एक लांबलचक शिट्टी. थांबून पुन्हा. थांबून पुन्हा. आई स्वयंपाकघरात कुकर बघायला गेली.

ज्याने तो असेंबल करून दिला होता, त्या पोराचं राजपथावर एका माडीवर दुकान होतं. दुपारी तो आला. ‘लांब शिट्टी म्हणजे रॅम,’ हे तो दारात चप्पल काढतानाच म्हणाला. त्याने बाजूचा पत्रा काढला, दोन्हीकडचे खटके दाबून हिरवी पट्टी उपसली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि विचारलं, ‘काका, घरात खोडरबर आहे का?’

पस्तीस हजारांच्या यंत्राला खोडरबर! बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. मग बाबा उठले आणि डबा घेऊन आले. पोराने सहज करड्या रबराला हात घातला.

‘तो नको. तो शाईचा. त्यात बारीक रेती असते, कागदसुद्धा सोलून काढतो. पेन्सिलचा घ्या.’

पोराने निमूट पांढरा घेतला आणि पट्टीच्या सोनेरी कडेवर खसाखसा घासायला लागला. बाबांना ते बघवेना. ‘असं पुढं-मागं नाही करायचं,’ म्हणत त्यांनी पट्टी आणि रबर दोन्ही त्याच्या हातून काढून घेतलं. चष्मा कपाळावर चढवला, पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने, वरून खाली असे फटकारे ओढत गेले. मध्येच थांबून म्हणाले, ‘चौऱ्याऐंशी.’ एका बाजूची सोनेरी टोकं त्यांनी मोजली होती. मागेही तेवढीच. पोराने भुगा उडवायला ओठांचा चंबू केला तसा बाबांनी हात आडवा घातला. ‘फुंकायचं नाही. तोंडातली वाफ बसते.’ आणि ब्रशने भुगा झाडला. पट्टी परत खाचेत बसवली, खट्-खट् आवाज झाला, बटण दाबलं, एकच छोटी टिक आली आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. ‘काका, रिटायर झालात की दुकानावर या,’ पोरगा म्हणाला. बाबा हसले नाहीत. ते रबराचा काळा झालेला कोपरा वहीच्या मागच्या पानावर घासून पुन्हा पांढरा करत होते.

सोनं गंजत नाही हे खरं, पण त्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनच्या अंशांत मोजावा इतका पातळ. त्यावर धूळ, पावसाळी ओल, बोटांचं तेल यांचा थर बसतो, खाचेतल्या स्प्रिंगचं टोक त्यावर टेकतं पण भिडत नाही, आणि सगळं धड असलेलं यंत्र शिट्ट्या मारत बसतं. एक कबुलीही देऊन टाकतो. निम्म्या वेळा पट्टी नुसती काढून परत बसवली तरी काम होतं. त्या काढघालीत टोकं एकमेकांवर घासतात तेवढं पुरतं. रबराला फुकटचा मान मिळतो. आणि सारखंसारखं घासत राहिलं तर मुलामाच निघून जातो, मग कुठलाच रबर कामाचा नाही.

त्याच पावसाळ्यात इंटरनेटनेही असाच डाव दाखवला. मोडेम ५६ केबीपीएसचा, कागदावर. चांगल्या दिवशी एक एमबी उतरायला चार मिनिटं लागत आणि तेवढ्यात फोनची एक पल्स उलटून दुसरी लागलेली असे. नंबर लावला की मोडेम आधी शीळ घाली, मग खरखरे, मग जणू पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज काढून गप्प होई. महिन्याभरात मला त्या आवाजावरून वेग ओळखता यायला लागला. दोन मोडेम एकमेकांना ‘एवढ्या वेगाने झेपेल का?’ असं विचारत, लाइन खराब असली तर खाली उतरत जातात. जुलैत ते इतके खाली उतरले की एक पान उघडेपर्यंत आईची भाकरी थापून व्हायची. रिसीव्हर उचलून ऐकलं तर आत मधमाश्यांचं पोळं.

लाइनमन आला. आधी घरातलं यंत्र काढून त्याने स्वतःचा फोन लाइनला जोडला, घुरघुर तशीच. मग खांबावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे तारांच्या जोडपेटीपर्यंत चढला, तिथे आवाज स्वच्छ. म्हणजे बिघाड या दोघांच्या मधल्या वीस मीटरमध्ये. पागोळ्यांखाली, जिथे पूर्वी कुणीतरी दोन तारा नुसत्या पिळून काळी पट्टी गुंडाळली होती, तिथे त्याने सोडवून पाहिलं. तांबं हिरवंगार झालं होतं. आई ओसरीतून बघत होती. ‘कळकलंय,’ ती म्हणाली. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की जे होतं तेच. लाइनमनने मान डोलावली. त्यालाही तोच शब्द माहीत होता. तो भाग कापून नवा जोड दिला, आणि त्या रात्री मोडेमची शीळ वेगळ्याच सुरात लागली.

शिक्षण आणि नोकरीने मला पुण्यात आणलं. मी माणूस हिशेबाचा, पेढीत काम करतो. पण कोथरूडच्या सोसायटीत एकदा कुणाची तरी रॅम घासून दिली आणि तेव्हापासून ‘तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?’ हे बिरुद चिकटलं. नाही म्हणून उपयोग नव्हता. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं ते दिवस. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती, आणि आम्हाला तो वेग विमानासारखा वाटायचा. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद डाउनलोड असे. आमच्या इमारतीत दोनचा गजर लावून उठणारी, डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपणारी तीन तरी घरं होती. दुधासाठीसुद्धा ही माणसं एवढ्या वेळेवर उठली नसती.

लोकांच्या घरी जाऊन जाऊन माझी एक सवय ठरली, लाइनमनकडूनच उचललेली: कंपनीला शिव्या घालण्याआधी आपल्या दारापासून सुरुवात करायची. दिवे बघायचे. वायर काढून परत खोचायची. मग काळ्या खिडकीत पिंग. हा चिमुकला प्रोग्रॅम माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिला आणि त्याला पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजाचं नाव दिलं: हाक मारायची, प्रतिध्वनी येतो का आणि किती वेळाने येतो ते बघायचं. पहिली हाक १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच. दुसरी राउटरला. तिसरी बाहेर, ८.८.८.८ ला. आकड्यांना उत्तर येतं पण साइटच्या नावाला येत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा. जिथे हाकेला ओ येत नाही, त्याच्या अलीकडच्या जोडाशी उकरायचं. ‘राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा’ या फोनवरच्या मंत्रालाही मी हसत नाही. आतल्या कपॅसिटरांतली उरलीसुरली वीज जाऊन स्मृती खरोखर पुसली जावी, एवढ्यासाठी ते तीस सेकंद असतात. लोक मात्र पाचवर थांबतात.

दोन घरं विशेष लक्षात आहेत. एका काकूंनी नवा राउटर चोरीला जाईल म्हणून लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे ठेवून दार लावून घेतलं होतं. दुसरं घर तळमजल्यावरच्या निवृत्त काकांचं. चार दिवस ते कंपनीशी भांडत होते: एकही बँक उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी धोक्याची सूचना. मी गेलो, पिंग केलं, सगळीकडून ओ आली. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तारीख होती १ जानेवारी २००२. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल संपला होता. प्लग काढला की कॉम्प्युटर दिवस विसरायचा. आणि बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र ज्या दिवशी दिलं गेलं, तो दिवस त्याच्या मते अजून उजाडायचाच होता. तो बिचारा इमानेइतबारे ‘हे खोटं आहे’ म्हणत होता. सीआर २०३२ चा सेल तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. काकांना मात्र पटलं नाही. ‘कंपनीने घाबरून आतून चालू केलं,’ असंच ते अजून सांगतात.

साताऱ्याच्या घरात फायबर आली आणि माझी दुरुस्ती फोनवरून सुरू झाली.

‘आई, दिवे बघ. कुठला लाल आहे?’

‘एक आहे. लुकलुकतोय. खाली इंग्रजीत लिहिलंय. एल, ओ, एस. लॉस.’ मग जरा थांबून, ‘कसला तोटा झालाय रे?’

आतला प्रकाशच हरवला होता. अशा वेळी बंद-चालू करून, वायर खोचून काही होत नाही. माणूसच यावा लागतो. योगायोगाने मी दुसऱ्या दिवशी तिकडे जाणारच होतो. गणपतीच्या मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी बांबूने वायरी वर उचलताना आमची ओढली गेली होती. तंत्रज्ञ पोरगा पंचविशीचा. त्याने लाल लेझर मारून तुटलेली जागा शोधली आणि गच्चीवर मांडी घालून, मांडीवर स्प्लायसिंगचं मशीन घेऊन बसला. बाबा खुर्ची ओढून त्याच्या समोर. वरचं आवरण सोलून त्याने काचेचा तंतू काढला, तसे बाबा पुढे वाकले.

‘केवढा असतो हा?’

‘एकशे पंचवीस मायक्रॉन, बाबा. प्रकाश जातो तो आतला भाग नऊच.’

बाबांनी मनात दशांशचिन्ह सरकवलं. ‘म्हणजे शून्य पॉइंट एक-तीनचं पेन,’ ते म्हणाले. त्यांच्या डब्यातलं सगळ्यात बारीक पेन तेच होतं. त्या पेनाची शाई पावसाळ्यात अडायची आणि ते तासभर झटकत बसायचे, हे मला तेव्हा आठवलं. मग ते आत गेले आणि डबा घेऊन बाहेर आले. पांढरा रबर आता सुपारीएवढा उरला होता.

‘याला रबर नाही चालत, बाबा,’ पोरगा घाईने म्हणाला. ‘बोटसुद्धा लावायचं नाही.’ अल्कोहोलच्या कागदाने त्याने तंतू पुसला, कापला, पुन्हा जवळून निरखला.

‘आणि फुंकर?’

‘छे! फुंकर तर अजिबात नाही.’

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू वीस वर्षांपूर्वीचा वाद आत्ता त्यांच्या बाजूने सुटला. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर आली, ठिणगी पडली, एक झाली. पडद्यावर लॉस ०.०२ आला. मग खाली येऊन पोराने मीटर लावला: उणे एकोणीस. ‘उणे असून चांगलं?’ बाबांनी विचारलं. उणे सत्तावीसच्या पुढे गेलं की यंत्राला दिसेनासं होतं, तेव्हा उणे जितकं कमी तितकं बरं, हे पोराने समजावलं. हिशेबाच्या माणसाला ते लगेच पटलं; अनुरेखकाने मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

गेल्या वर्षी मी लॅपटॉप घेतला. बाबांनी पहिला प्रश्न केला, ‘रॅम कुठून काढायची?’ काढायचीच नाही, बोर्डावर डाखलेली आहे, असं सांगितलं. पाठीचे स्क्रू बघून त्यांनी तो उलटा-सुलटा केला आणि परत दिला. ‘म्हणजे बिघडला की टाकायचा,’ एवढंच म्हणाले.

मागच्या रविवारी आईचा फोन आला. टीव्हीचा रिमोट चालेना. सेल नवे घातले, तरी नाही. मी राउटरपासून सुरुवात करणार तेवढ्यात तीच म्हणाली, ‘थांब, सांगते तर. सेल बसतात ना, तिथली स्प्रिंग बघितली. पांढरं-हिरवं चढलं होतं. कळकली होती. मग डब्यातला रबर घेतला आणि घासली. लागला की टीव्ही.’

मागून बाबांचा आवाज येत होता. ते ओरडून काहीतरी सांगत होते. आधी कळलं नाही. आईने फोन त्यांच्याकडे धरला.

‘फुंकली तिने!’ बाबा म्हणाले. ‘ब्रश समोर ठेवला होता मी.’