‘टाक, टाक!’

हिवाळ्यात इंदापूरहून मुलींचा बास्केटबॉल संघ घेऊन आम्ही बारामतीला सामन्याला गेलो होतो. आमच्या आठवीतल्या एका मुलीचा नेम लांबून चांगला बसतो. ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून बास्केट झाली की तीन गुण. म्हणून आम्ही काठावरून ‘टाक, टाक!’ ओरडत राहिलो. दोघी अंगावर असतानाही ती बिचारी टाकत राहिली. चेंडू रिंगला लागून परत येत होते, आणि रिंगखाली मोकळी उभी असलेली उंच मुलगी हात वर करून दमली. एका गुणाने हरलो.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, “सर, ती मला दिसत होती. पण तुम्ही ओरडत होतात.”

आम्ही गप्प बसलो.

२०१७ मध्ये बंगळुरूला आपल्या महिलांनी आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाची अंतिम लढत कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ अशी जिंकली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. फरक अवघा दोन गुणांचा, म्हणजे एका बास्केटचा!

आता सरावात आम्ही ओरडत नाही. चेंडू टाकायला २४ सेकंद असतात, तेवढ्यात आत एकदा बघता येतं. अंगावर दोघी आल्या म्हणजे कुणीतरी मोकळी असणारच. ती लांबून नेम धरते, बचाव बाहेर ओढते आणि चेंडू आत देते.

परवा तिचे अब्बा काळजीने विचारत होते, “सर, पोरीच्या बास्केट कमी का झाल्या?” पुढच्या सामन्याला त्यांना बोलावलं आहे.