फुटपाथवरचा शेजार

परळच्या ज्या टापूत १९२६ साली केईएम रुग्णालयाचे आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे उघडले, त्या टापूतील फुटपाथांवर ताडपत्रीच्या आडोशाने जी माणसे मुक्काम करून असतात, त्यांना सरकारी दफ्तरात बेघर म्हणावे की नाही याचा निर्णय एखाद्या चतुर कारकुनालाही सहजासहजी देता यायचा नाही. कारण त्यांतील कित्येकांची बिहारात, बंगालात किंवा आपल्याच नांदेड-यवतमाळकडे दोन खणांची का होईना घरे आहेत, सातबाऱ्यावर नावे आहेत आणि गावच्या पारावर त्यांच्या शब्दाला थोडेफार वजनही आहे. परंतु घरातील एखाद्याला कर्करोगाने गाठले, जिल्ह्याच्या डॉक्टरने चिठ्ठी लिहून मुंबईची वाट दाखविली आणि किरणोपचारासाठी पाच-सहा आठवडे रोज हजर राहण्याचे फर्मान निघाले, की औषधांतच गाठ रिकामी झालेला हा घरंदाज गृहस्थ बघता बघता निराश्रित होतो.

मग त्याच्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते आपल्यासारख्या छपराखालच्या माणसाच्या सहसा ध्यानीही येत नाहीत. केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, तर बोचके कोणाच्या भरवशावर टाकायचे? शौचालयात प्रत्येक वेळी नाणे मोजावे लागते, तेव्हा आजारी बायकोने पाणी किती प्यावे? तपासण्यांचे कागद जुलैच्या झडीत कोरडे कसे राखायचे? केमोने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलाला उकळलेले पाणी हवे, पण स्टोव्ह पेटवावा तर पालिकेची गाडी केव्हा येऊन तो उचलून नेईल याचा नेम नाही.

या प्रश्नांची उत्तरे मी जेव्हा जेव्हा पाहिली, तेव्हा ती बहुधा एखाद्या टपरीवाल्याकडे, लिफ्टमनकडे किंवा औषधाच्या दुकानातील पोऱ्याकडेच सापडली. कोणी पाण्याची बाटली चहाच्या आधणातून भरून देतो. कोणी कागदांची पिशवी गल्ल्यामागच्या खुंटीला टांगून ठेवतो. कोणी मोबाईल चार्जिंगला लावू देतो आणि घरून फोन आला की हाक मारतो. आणि एखादा रखवालदार, ज्याचे स्वतःचे बिऱ्हाड कोठल्याशा चाळीच्या जिन्याखाली असते, नव्याने आलेल्या माणसाला कोणत्या खिडकीवर कोणता कागद दाखवावा हे त्याच्याच बोलीत समजावून सांगतो. या लोकांना कोणी परोपकारी म्हटले, तर ते बहुधा संकोचून हसतील. हिवाळ्यात घोंगड्या वाटून छायाचित्रे काढणारी मंडळीही याच रस्त्याने येतात, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. तथापि ज्या शहरात थंडी चार दिवसांची पाहुणी असते, तेथे घोंगडीपेक्षा जूनमध्ये मिळालेला मेणकापडाचा तुकडा अधिक मोलाचा, हे ध्यानात येण्यासाठी घेणाऱ्याशी दोन शब्द बोलावे लागतात.

गाडगेबाबांना ते कळले होते. १९०५ साली घरदार सोडून निघालेला हा पुरुष पन्नासांहून अधिक वर्षे स्वतः अनिकेत राहिला, आणि त्या अवधीत त्याने पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांतील एकीतही स्वतःसाठी खोली राखली नाही. १९५६ च्या डिसेंबरात त्यांना मरण आले तेही प्रवासात, मोटारीत. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आजही आसरा देते. रुग्णाइतकाच रुग्णासोबत आलेला माणूसही उघड्यावर पडलेला असतो, ही गोष्ट हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाला दिसावी यात मला नवल वाटत नाही.

कायद्याची दृष्टी मात्र निराळी. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने, उपजीविकेचे साधन दृष्टीस पडत नसता सार्वजनिक जागी भटकणे हेही भीक मागण्यातच जमा केले, आणि अशा इसमाला वॉरंटावाचून पकडून एक ते तीन वर्षे अटकावून ठेवण्याची तरतूद केली. दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील बरीच कलमे आपल्या हद्दीपुरती रद्द ठरविली, ती २०१८ साली. त्याआधी, १९८५ च्या जुलैमध्ये, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पंचसदस्य पीठाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचे मान्य केले. फुटपाथवर वस्ती करण्याचा अधिकार मात्र मान्य केला नाही. तरीही त्या निकालपत्रात एक तपशील आहे, जो मला त्यातील थोर तत्त्वांच्या बरोबरीचा वाटत आला आहे: पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणाचेही झोपडे हटवू नये. देशाच्या सर्वोच्च न्यायासनालाही भर पावसात माणसाला उठवणे बरे वाटले नाही.

अशा फुटकळ दयेने सरकारचे फावते, निवारे बांधण्याची जबाबदारी अंगाबाहेर टाकायला त्याला निमित्त मिळते, असा आक्षेप विचारी माणसे घेतात. आक्षेप खोटा नाही. चहावाल्याच्या खुंटीवर पिशवी टांगल्याने रुग्णालयाजवळ एकही खाट वाढत नाही. परंतु खाटा वाढेपर्यंत आजची संध्याकाळ कोणी थांबवून धरलेली नसते, आणि शिवाय या दयेचा मोठा वाटा ज्यांच्याकडून येतो त्यांना सरकारचे फावले काय नि न फावले काय, दोन्ही सारखेच. उपचार आटोपून गावी निघालेले कुटुंब आपली ताडपत्री, स्टोव्ह आणि प्लास्टिकची बादली बरोबर नेत नाही. शेजारी नुकत्याच उतरलेल्या बिऱ्हाडाला ते सारे देऊन टाकते आणि जाताना, स्वस्तात जेवण कोठे मिळते, रात्री कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबत नाही आणि पालिकेची गाडी आली तर बोचके कोणत्या दुकानात टाकायचे, एवढे सगळे नीट सांगून मगच दादरला गाडी धरायला निघते.