वलांडी

लग्नपत्रिका हातात पडली की मी आधी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजतो. हा गुण नव्हे, धंद्याचा रोग आहे. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवल्यावर माणसाच्या खिशाला लाल पेन आणि नजरेला लाल रेघ कायमची चिकटते. त्या दिवशी आलेल्या पत्रिकेत ‘आर्शिवाद’ होता, ‘उपस्थीती’ होती आणि ‘स्नेहभोजना’तला ‘स्ने’ कोठेतरी पडून गेला होता. मी तिसऱ्या चुकीवर असताना आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, तारीख बघितलीत का? परवाच्या शनिवारी हळद आहे!”

पत्रिका झाईहून आली होती. लग्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. कारण मुलगी झाईची आणि मुलगा पलीकडच्या उंबरगावचा. दोघेही मांगेला, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले. झाई हे आपल्या राज्याच्या किनाऱ्यावरचे अगदी उत्तरेचे गाव. १९६० च्या मे महिन्यात मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, आणि इकडे राहिलेल्या गावांचा तलासरी झाला. एकाच तालुक्यातल्या सोयऱ्यांना दोन राज्ये मिळाली. सोयरिकी मात्र कोणी वाटून घेतल्या नाहीत. त्या अजून तशाच चालू आहेत.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. विरारहून डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल जाते. पुढे घोलवडसाठी दुसरी गाडी धरायची. घोलवडला उतरले की हवाच बदलते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या, इतक्या गर्द की भर दुपारी रिक्षात अंधारून यावे. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे रिक्षावाल्याने आम्हांला अशा थाटात सांगितले, की जणू ते त्याच्या घरातल्याच कोणाला मिळाले होते. वाड्या संपल्या, बोर्डीचा समुद्र दिसला, सुरूची झाडे मागे पडली आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर एक वास आला. सौ.नी पदर नाकाला लावला. रिक्षावाला म्हणाला, “आली झाई.”

वास सुकत्या बोंबलांचा होता. मी घाटावरचा माणूस. बोंबील मला म्हणींतून आणि कथांतून माहीत. समोर किनाऱ्यावर बांबू रोवून, त्यांना आडवे बांबू आणि दोर बांधून उंच मांडव घातले होते, आणि त्यांवर हजारो बोंबील लोंबत होते. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक दोरावर ते जोडीजोडीने टांगलेले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची; मग वारा कितीही सुटो, एकटा कोणी पडत नाही. “लग्नाच्या गावाला शोभेसे आहे,” मी म्हणालो. सौ. म्हणाल्या, “हो, आणि तोंडे दोघांचीही बंद!”

नवरीचा धाकटा भाऊ आम्हांला घ्यायला आला होता. त्याला विचारले, “याला काय म्हणतात रे?”

“याला? वलांडी.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. हा शब्द मला भेटलेला होता.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तृतीय वर्षाच्या वर्गाला मी ‘माझे गाव’ हा निबंध दिला होता. जुनाच विषय, आणि उत्तरेही जुनीच येतात: झुळझुळ वाहणारी नदी, हिरवीगार शेते, देवळातली घंटा. एका वहीत मात्र पहाटे वलांडीवर बोंबील टाकणाऱ्या आजीचे वर्णन होते. मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिले, ‘वळणी’. कपडे वाळत घालायची दोरी ती वळणी. मुलीने शब्द चुकीचा ऐकला असणार, असे मी गृहीत धरले. पुढच्या निबंधात तिच्या गावीही झुळझुळ नदी वाहू लागली. मी तिला दोन गुण जास्त दिले होते.

दुपारी पंगत बसली. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, ताज्या बोंबलांचे कालवण आणि करंदीची झणझणीत चटणी. बोंबील खाताना काटा कुठे सोडायचा, ही माझी काळजी, शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, “याचा काटा पण मऊ. घाबरू नका मास्तर.” मघाशी पदर नाकाला लावणाऱ्या आमच्या सौ.नी दुसऱ्यांदा कालवण मागितले, तेव्हा घाट आणि समुद्र यांचा तह झाला असे मी समजलो.

जेवणानंतर नवरी ओट्यावर पाया पडायला आली. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मी धीर करून म्हणालो, “तुझ्या निबंधातली वलांडी आज पाहिली बरं का. रेघ माझी चुकली होती.”

ती हसली. “सर, तुमच्या लक्षात आहे?” आणि मग थोडे थांबून म्हणाली, “मी पण आता तेच करते. आमच्या पोरांच्या वहीत घरचा शब्द आला, की खाली रेघ. परीक्षेत गुण जायला नकोत ना. तुम्हीच शिकवलं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती; आभारच होते. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. शिक्षकाची चूक त्याच्याबरोबर निवृत्त होत नाही. ती नोकरीला लागते, बदलीवर जाते आणि दर वर्षी नव्या वर्गाला शिकवते.

संध्याकाळी हळद लागली. बायका गोलात बसून गाणी म्हणू लागल्या. नवरीची आजी पुढे होती, तोंडात दात चारदोनच, पण आवाज खाडीपार जाईल असा. पहिल्या गाण्यातले मला निम्मे कळले, दुसऱ्यातले त्याहून कमी. मी एम. ए. मराठी, आणि माझ्याच भाषेच्या अंगणात बसून मला शेजारच्या पोराला अर्थ विचारावा लागत होता. ते शब्द इथे जसेच्या तसे लिहिण्याचा अधिकार मला नाही. उंबरगावहून आलेल्या बायकांना मात्र कोणाला काही विचारावे लागले नाही. त्यांच्या मुलांच्या शाळा गुजराती, पण हळदीची गाणी तीच. त्या सुरात नवरी सर्वांत मोठ्याने गात होती. वहीतून गेलेले सारे शब्द तिच्या गळ्यात शाबूत होते.

रविवारी लग्न दुपारचे, म्हणून सकाळी भाऊ आम्हांला बोर्डीला घेऊन गेला. ओहोटी होती, समुद्र इतका मागे सरला होता की त्याला भेटायला चालत जावे लागले. याच बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायका शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या; गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्याच्या मागे ही पायपीट आहे.

पूर्वेला डोंगर दिसत होते. तिकडे वारल्यांचे पाडे. त्यांची लग्ने भटजी लावत नाही. धवलेरी नावाची बाई गाणी म्हणून लावते. याच मुलखात एके काळी लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढायचे आणि ते फेडायला नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, अशी रीत होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि वेठ करणार नाही असे म्हणाले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी वर्गात शिकवले आहे. ‘लग्नगडी’ या शब्दावर दोन गुणांची टीपही विचारली आहे. तो शब्द मी कधी चूक ठरवला नाही, कारण तो छापून आला होता. वलांडी छापलेली नव्हती, एवढाच तिचा अपराध.

परत आलो तर मांडवामागे उंबाडियू उघडत होते. मातीच्या मडक्यात वालपापडी, कोनफळ, रताळी, हिरवा मसाला भरून, तोंड पाल्याने बंद करून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ घालायचा. हा गुजरातकडचा पदार्थ. वराकडच्या मंडळींनी मडकी आणली, वधूकडच्यांनी जाळ घातला. धुराचा वास लागलेली ती कोनफळे खाताना कुठला घास कुठल्या राज्याचा, हे सांगणे कठीण होते.

भेट म्हणून मी एक छोटा मराठी शब्दकोश नेला होता. मराठीचा प्राध्यापक दुसरे काय नेणार? लग्नाआधी घटकाभर मोकळी मिळाली, तेव्हा तो उघडून ‘व’ काढला. वळण होते, वळणी होती. वलांडी नव्हती.

मी आजीजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “आजी, वलांडी म्हणजे काय, ते मला नीट सांगा.” तिने आधी माझ्याकडे पाहिले, एवढा शिकलेला बाप्या हे काय विचारतो, असा तिचा चेहरा. मग बोलू लागली. बांबू कोणता, किती खोल रोवायचा, दोर किती ताणायचा, पाऊस आला तर काय करायचे. मी शब्दकोशाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले. खिशात लाल पेनच होते. पण या वेळी मी त्याने रेघ ओढली नाही.

वरात निघाली तेव्हा ते पुस्तक मी नवरीच्या हातात दिले. तिने शेवटचे पान उघडले, वाचले, आणि काही न बोलता मिटून नव्या पिशवीत नीट ठेवले. बँड गुजराती चाल वाजवत होता. गाड्या उंबरगावच्या दिशेने वळल्या, आणि थोड्याच वेळात आमची नवरी दुसऱ्या राज्यात गेली.

घरी आल्यावर सौ.नी विचारले, “पण वलांडीतला ‘डी’ दीर्घच का?” मराठीत अंती येणारा इकार दीर्घ लिहितात, म्हणून. तेवढे मी आजीला न विचारता, माझ्या जबाबदारीवर ठरवले आहे. बाकी सारे तिचे.