वठलेलं झाड

दांडेलीच्या जंगलात सकाळी बाबा आणि मी चालत होतो. अचानक ठक-ठक आवाज घुमला. बाबा म्हणाले, "कुणीतरी लाकूड तोडतंय." वर पाहिलं, तर वठलेल्या झाडावर पांढऱ्या पोटाचा सुतारपक्षी! कावळ्याहून मोठा, काळाभोर, डोक्यावर लालभडक तुरा. चोचीच्या घावासरशी सालीचे तुकडे खाली पडत होते. खोडातल्या मुंग्या, अळ्या हे त्याचं खाणं. घरट्यासाठी ढोलीही तो अशाच जुन्या, मोठ्या झाडात कोरतो.

बाबा बराच वेळ गप्प होते. परसातला वठलेला आंबा तोडायला त्यांनी माणूस ठरवला होता. परतताना त्यांनीच त्याला फोन लावला, "राहू दे तो आंबा. कुणाच्या तरी कामाचा आहे."