बियाला ठेवलेला तेरडा

रोहिणीत भुदरगड तालुक्यात भाताची धूळवाफ पेरणी सुरू झाली, की फडताळातल्या पुरचुंड्या बाहेर निघतात. दोडका, काकडी, घेवडा अशी पोटाची बियाणी वेगळी होतात आणि मागे एक लहानशी पुरचुंडी उरते. तिच्यात मोहरीहून जरा मोठं, तपकिरी, गोलसर बी असतं. या बियाची भाजी होत नाही की त्याला बाजारात भाव नाही. तरीही ते वर्षभर ओल आणि मुंग्यांपासून जपलेलं असतं, कारण ते परड्यातल्या तेरड्याचं असतं.

हे बी खोल पुरायचं नसतं. शेणखत घातलेल्या भुसभुशीत मातीवर ते भुरभुरायचं आणि वरून चिमूटभर माती सारायची. वेदगंगेच्या खोऱ्यातला पाऊस एकदा धरला की उघडीप देत नाही आणि तेरड्याचं खोड पाण्यानं भरलेलं, इतकं कोवळं असतं की उजेडापुढे धरलं तर आतलं दिसावं. बुडाशी पाणी साचलं की ते कुजतं. म्हणून त्याचा वाफा उंच करायचा आणि कडेनं चर काढायचा.

आठवड्याभरात दोन दोन दलं वर येतात. बियापासून झाड वाढवण्यातला माझा आवडता काळ इथून सुरू होतो. विकतचं रोप फुलासकट घरी येतं, त्याचं बाळपण दुसऱ्यानंच पाहिलेलं असतं. बियातून आलेल्या तेरड्याकडे पाहणाऱ्याला मात्र फुलाची चाहूल आधीच लागते. ज्याच्या खोडावर तांबूस झाक, तो बहुधा लाल किंवा जांभळा होणार. ज्याचं खोड स्वच्छ हिरवं, तो पांढरा. कळीचा पत्ता नसताना रंग असा खोडात उभा असतो.

पेरणीपासून दोनेक महिन्यांनी फूल येतं. त्याच्या मागच्या बाजूला मधाची बारीक, वाकडी नळी असते. आत पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसरावर टोपीसारखे बसलेले असतात. आधी परागकण देऊन होतात, मग ती टोपी अख्खी गळते आणि त्यानंतरच स्त्रीकेसर मोकळा होतो. एकाच फुलात आधी देणं आणि मग घेणं, असा हा क्रम आहे.

आपल्या मुलखातलं हे झाड सोळाव्या शतकात युरोपच्या बागांत पोचलं. कोरियात मुली त्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर वाटून नखं रंगवतात. पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर पहिलं प्रेम सफल होतं, अशी तिकडची समजूत. आपल्याकडे त्याच्या वाट्याला याहून मोठा मान आला. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर कोल्हापूरकडच्या बायका पाणवठ्यावरून गौर आणतात, ती तेरड्याच्या रोपांची. मुळासकट उपटलेली ती रोपं धुऊन, बांधून घरात येतात. त्यांना मुखवटा चढतो, साडी नेसवली जाते, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला जातो. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन.

परड्यात तेरडा असला की गौरीत त्यातलीही चार रोपं मिसळतात. आणि इथेच एक पेच पडतो. गौरीला उंच, भरघोस, गच्च फुललेली झाडं हवीत. ती उपटली की त्यांचं बी धरत नाही. मग बियाला मागे राहतात ती खुरटी, उशिराची झाडं. दरवर्षी असंच झालं तर चार-सहा पावसाळ्यांत परड्यातला तेरडा हलका पडतो आणि लोक म्हणतात, माती बदलली.

आमच्या आजीनं या पेचावर उपाय केला होता. पहिली फुलं उमलताच ती सगळ्यांत चांगल्या झाडांना चिंधी बांधायची. गौर आली तरी त्या झाडांना हात लावायचा नाही, ही ताकीद घरच्या लेकीसुनांनाच काय, फुलं मागायला येणाऱ्या शेजारणींनाही असे. दुहेरी पाकळ्यांच्या झाडांवर तिचा जास्त डोळा असायचा, कारण त्यांच्यात काही पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि बी कमी धरतं.

पुढचं काम पोरांचं. तेरड्याची बोंडं पिकून फिकट झाली की बोट लागताच तडकतात. पाच कप्पे झटक्यात आत वळतात आणि बी लांब उडतं. म्हणून बोंड मुठीत झाकूनच तोडायचं. याच भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीत श्री मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक पुढे 1964–66 च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शिक्षण जगण्याला आणि कामाला जोडलेलं हवं, हा त्या आयोगाचा आग्रह होता. बीजप्रसाराचा धडा मुठीत तडकलेल्या बोंडाकडून शिकलेल्या पोराला तो आग्रह समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून यंदा ज्यांच्या दारी तेरडा आहे, त्यांनी आधी बियाची झाडं नेमावीत आणि मग गौरीची. देवीला त्यात उणेपणा नाही. पुढच्या भाद्रपदात तिला पुन्हा त्याच झाडांच्या लेकरांतून यायचं आहे.