सातबाऱ्यावर नाव नाही, आणि म्हणे माती सुधारा!

वांद्रे पूर्वेला खेरवाडीत आमची मावशी राहते. तिच्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी आहे. पेटीत दागिने नाहीत, दंडाच्या पावत्या आहेत. जालना जिल्ह्यातल्या गावी गायरानाची तीन एकर जमीन आमच्या आजोबांनी १९८३ साली वहितीखाली आणली. तलाठ्याने अतिक्रमण म्हणून दंड ठोकला आणि आजोबांनी तो भरला. चळवळीतल्या लोकांनी तेव्हा सांगितले होते, "दंड भरा, पण पावती फाडायला लावा. उद्या तीच तुमची साक्षीदार." गावाकडचे घर गळते म्हणून पावत्या मुंबईला आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पलंगाखाली तीन एकर जमीन ठेवलेली आहे, ती अशी.

हे आत्ता सांगायचे कारण म्हणजे 'रीजनरेटिव्ह शेती' हा नवा शब्द. रेल्वे रुळांच्या पलीकडे, वांद्रे पश्चिमेला, रविवारी सेंद्रिय मालाचा बाजार भरतो. एका कार्यकर्त्या मित्राबरोबर आम्ही तिथे गेलो होतो. एका स्टॉलवरच्या सज्जन गृहस्थांनी मातीतले जिवाणू, आच्छादन, कर्ब वगैरे फार मनापासून समजावून सांगितले. माहिती चुकीची नव्हती. शेवटी ते म्हणाले, "शेतकऱ्याने फक्त मानसिकता बदलायला हवी." मावशीच्या पेटीची आठवण होऊन आम्ही गप्प बसलो. तेव्हा जे बोललो नाही, ते इथे लिहीत आहोत.

आधी आमची स्वतःची कबुली. समाजशास्त्र शिकत असताना शेती या विषयाचा आम्हाला कंटाळा होता. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याचे जे वर्णन केले, ते आमच्या पिढीने पाठ केले आहे. गाव सोडा, शहर गाठा, शिका, हा आमच्या घराचाही इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळाने त्याला धक्का दिला एवढेच. त्यात शेण, हाडे, मेलेली जनावरे ही सगळी कामे जातीने आपल्या माथी मारली होती आणि आपल्या माणसांनी ती ठरवून टाकून दिली. मग आता कुणी 'शेणाकडे परत चला' म्हणाले की अंगावर काटा येतो. तो येणे स्वाभाविक आहे, आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही.

पण मातीचा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये लिहून ठेवले आहे की डोंगरावरचा पालापाचोळा, शेण, मेलेल्या प्राण्यांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येत आणि जमीन कसदार होई. जंगल खात्याने राने बंद केली आणि हे चक्र तुटले. ताली-बंधारे घालून माती अडवा, असेही त्यांनी सांगितले. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल, अवजारे आणि श्रम किती लागतात त्यावर ठरते. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. देशात अनुसूचित जाती लोकसंख्येच्या १६.६ टक्के आहेत आणि त्यांच्या वहितीत नऊ टक्क्यांच्या आतबाहेर क्षेत्र आहे. मातीवर भांडवल कोण घालू शकतो, हे या आकड्यांत दिसतेच.

आता मामाचे ऐका. मामा तीच तीन एकर कसतो. गायरान म्हणजे गावाने नाकारलेली जमीन, माळरान. वीतभर माती, खाली मुरूम. पाऊस पडला की पाण्याबरोबर मातीही ओढ्याला. पाचसहा वर्षांत तीन दुष्काळ पाहिल्यावर २०१७ च्या उन्हाळ्यात त्याने पाझर तलावातला गाळ आणायला सुरुवात केली. गाळ फुकट होता, पण ट्रॅक्टरचे भाडे आपले. ते मावशीने वांद्र्याहून पाठवले. पहिल्या वर्षी अकरा ट्रॉल्या आल्या. मग त्याने उताराला आडवे बांध घातले आणि बांधावर गिरीपुष्पाच्या फांद्या रोवल्या. गिरीपुष्प ही बिनपैशाची खत फॅक्टरी आहे: वर्षातून दोनदा छाटायचे आणि कोवळा पाला शेतात पसरायचा, नत्र मिळते. कापूस कमी केला. ज्वारीत तूर घेतली, कारण तुरीचे मूळ खोल जाते आणि गळलेला पाला जमिनीवरच कुजतो. पऱ्हाट्या जाळणे बंद केले. मामी दिवसभर वाकून धसकटे-पाचोळा ओळीत पसरते. 'झिरो बजेट' म्हणणारे मामीच्या कमरेचा हिशोब कुठे धरतात, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

शेणाचे काय? मामाकडे गाय नाही, नऊ शेळ्या आहेत. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत जीवामृत लागते: एकरी दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधाची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. शेण देशी गाईचेच हवे असा आग्रह. पाळेकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी शेतकऱ्याला रासायनिक खताच्या उधारीतून सोडवायचा विचार मांडला, हे आम्ही नाकारत नाही. पण शेळीच्या लेंडीत नत्र गाईच्या शेणाहून जास्त असते, ही साधी प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. मातीतल्या जिवाणूला गाईची जात कळत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हातारा बैल विकून नवी जोडी घेणारा छोटा शेतकरी त्यात अडकला. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाय 'राज्यमाता-गोमाता' झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने नैसर्गिक शेतीचे २,४८१ कोटींचे अभियान मंजूर केले. गरिबाची शेळी मात्र कुणाची माता होत नाही. मातीच्या शास्त्रात धर्म मिसळून विकला जात असेल, तर शास्त्र ठेवून बाकीचे बाजूला काढायचे काम आपलेच आहे. 'हे सगळे संघवाल्यांचे' म्हणून विषयच सोडून दिला, तर नुकसान मामाचे होते, त्यांचे नाही.

सहा वर्षांत फरक पडला. मामाने पदरच्या पैशाने माती तपासली. सेंद्रिय कर्ब आधी ०.३१ टक्के होता, तो ०.४७ झाला. अर्ध्या टक्क्याखाली 'कमी' असेच म्हणतात, म्हणजे मामा अजून नापासच. पण पावसाने ओढ दिली की शेजारची ज्वारी माना टाकते आणि मामाची आठवडाभर जास्त तग धरते. या आठवड्याची किंमत शेतकऱ्यालाच माहीत.

आणि इथूनच अडचण सुरू झाली. जमीन मुरमाड होती तेव्हा ती कुणालाच नको होती. ती सुधारली आणि गावाला अचानक गायरानाची, गुरांची, सार्वजनिक हिताची आठवण झाली. एका रात्री उभ्या तुरीत जनावरे सोडली गेली. कुणाची, ते सगळ्यांना ठाऊक, साक्षीला कुणी नाही. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढण्याचे आदेश दिले आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. मामालाही आली. १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची होती. आजोबांची १९८३ ची पावती त्यात बसते. अर्ज कितीदा केला याची मोजदाद मामाने सोडून दिली आहे. नाव सातबाऱ्यावर नाही, फक्त एक-ई नोंदवहीत, अतिक्रमक म्हणून. त्यामुळे पीककर्ज नाही, पीएम-किसानचे सहा हजार नाहीत.

आता विचार करा. कर्ब वाढायला पाच-दहा वर्षे लागतात. बांध, झाडे, गाळ ही सगळी लांबची गुंतवणूक. पुढच्या हंगामात जमीन राहील की नाही हे माहीत नसलेला माणूस ती का करील? तो एक खरिपाचे पीक काढून मोकळा होईल, आणि तज्ज्ञ म्हणतील त्याची मानसिकता मागासलेली आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसे, त्यात बाया-लेकरेही, तुरुंगात गेली. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा प्रश्न लावून धरला. आमच्या मते मातीच्या आरोग्याची ही खरी आंदोलने होती, त्यांना तसे नाव नव्हते इतकेच. आणि आज? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत. कंपनी आली की तो प्रकल्प होतो. चाळीस वर्षे कसणारा मामा मात्र अतिक्रमकच राहतो.

वांद्र्यात राहून हे सारे अधिकच बोचते. उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी शासकीय वसाहतीतली जमीन दिली गेली आहे. मावशी पंचवीस वर्षे याच भागात राबते आहे, आणि तिच्या खोलीचा कागदही पावतीवरच चालतो. ज्या घरांत ती भांडी घासते तिथे मराठवाड्याची ज्वारी, तूर, सोयाबीनचे तेल येते. उरलेले, सालपट, देठ सारे कचऱ्याच्या गाडीतून कांजूरमार्ग-देवनारकडे जाते. मराठवाड्याच्या मातीतला कस रोज मुंबईला येतो आणि डम्पिंगवर सडतो. परत एक टोपलीही जात नाही. तो कचरा हातांनी निवडणाऱ्या बाया कोणत्या समाजाच्या, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढा आणि आपल्या वस्तीतल्या किती घरांची गावी गायरान जमीन आहे, कागद कुठे आहेत, याची यादी करा. विहारात रविवारी दोन तास पुरतात. आमच्या गल्लीत सुरुवात केली, सतरा घरे निघाली. पाच जणांच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. बाकीच्यांच्या आम्ही स्कॅन करून ठेवल्या. पोरांपैकी दोघांनी १९९१ चा शासन निर्णय पहिल्यांदाच वाचला.

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला होता. तलाव आटला आहे, गाळ निघतो आहे, यंदा आणखी आठ ट्रॉल्या टाकू का, असे विचारत होता. आम्ही म्हटले, "मामा, नोटिशीचं काय झालं ते आधी बघा. सुनावणी लागली तर पैसा वकिलाला लागेल." तो काही बोलला नाही. मावशीने आमच्या हातातून फोन घेतला. "दादा, तू ट्रॉल्या सांग. वकिलाचं मी बघते," म्हणाली, आणि पेटी ओढून पावत्यांच्या खाली ठेवलेल्या नोटा मोजू लागली.